वाणाच्या बटव्यातला खण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आठ दिवस राहिले होते. कुवेतमधल्या आमच्या मंडळात हळदीकुंकू शुक्रवारी असतं, कारण इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. यंदा वाण म्हणून खणाचे बटवे लुटायचे, असं बायकांच्या ग्रुपवर डिसेंबरातच ठरलं होतं. ऐंशी बटवे भारतातून मागवले, कुणाकुणाच्या बॅगेत तीस किलोच्या हिशेबात कोंबून आणले, आणि त्यातले चाळीस पॅकिंगसाठी आमच्या घरी आले. मोरपंखी, आमसुली, राणी, हळदी असे रंग. दिसायला खरंच सुंदर. काही बटवे प्रवासात चुरगळले होते म्हणून बायकोने त्यांवर इस्त्री फिरवली, आणि पहिलाच बटवा इस्त्रीला चिकटला.

चिकटला म्हणजे अक्षरशः चिकटला. सोडवून बघितला तर मोरपंखी कापडाच्या जागी एक चकचकीत, कडक, आक्रसलेला डाग. मी स्वयंपाकघरात बटव्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. सूत जळतं तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. हा धागा धड जळलाच नाही, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी सोडून विझला. शंभर टक्के पॉलिस्टर.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पॉलिस्टरच्या वस्तू आपण रोजच वापरतो. पण प्रत्येक बटव्यात एक छोटं कार्ड होतं, छान हातकागदासारखं, दोरी बांधलेलं. त्यावर छापलं होतं की हा हातमागावर विणलेला अस्सल खण आहे आणि तो घेऊन आपण एका विणकर कुटुंबाला हातभार लावला आहे.

बायकोने ग्रुपवर फोटोसकट सगळं सांगितलं. उत्तरं आली ती अशी: "अगं, एवढं कोण जाळून बघतंय?", "दिसतायत छान, झालं तर मग", "आता परत पाठवणार कसे?" ज्या वहिनींनी ऑर्डर दिली होती त्या बिचाऱ्या दुखावल्या. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांनी हातमागाचे म्हणून विचारून, त्याच भावाने पैसे मोजले होते. मी बायकोमार्फत एक साधा तोडगा सुचवला: बटवे द्या, फक्त कार्डं काढून टाका. त्यावर एकीने लिहिलं, "कार्ड काढलं तर मग त्यात उरलं काय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपण परदेशातले लोक बटवा घेत नाही, कार्ड घेतो, हे तिने नकळत सांगून टाकलं होतं.

आता मला हे धाग्याचं वगैरे कसं कळतं, ते सांगायला हवं, नाहीतर एक सॉफ्टवेअरवाला उगाच हातमागाचा कैवार घेतोय असं वाटेल. मी इचलकरंजीचा. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि नंतर सगळं गावच यंत्रमागांवर उभं राहिलं, त्या गावचा. माझ्या वडिलांचे चार माग होते, तेही खर्चीवर. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी. आई घरात कांड्या भरायची. माझी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी त्या खटखटीतून निघाली. माग बंद पडला की शांततेने जाग येणारी माणसं आहोत आम्ही. त्यामुळे "यंत्र वाईट आणि हात पवित्र" असलं काही मी लिहिणार नाही. यंत्रमागाने लाखो घरांना स्वस्त कापड दिलं, माझ्यासारख्याला पदवी दिली. माझी तक्रार यंत्रमागाच्या कापडाबद्दल नाही, त्यावर बांधलेल्या कार्डाबद्दल आहे.

खण म्हणजे नक्की काय, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच नीट माहीत नसतं. खणानारळाने ओटी भरायची, त्रिकोणी घडी घालून खण द्यायचा, देवीला वाहायचा, एवढं पक्कं. आजी इरकली लुगड्यावर खणाची चोळी घालायची, हेही आठवतं. पण ते कापड येतं कुठून, असं विचारलं तर बरेच जण पुणे, कोल्हापूर, फार तर सोलापूर म्हणतात. ते येतं गुळेदगुड्डहून. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या जवळ. इलकलही त्याच जिल्ह्यात. कापड कन्नड मुलखातलं आणि गिऱ्हाईक मराठी, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. अरुंद पन्ह्याचं कापड, दोन्ही बाजूंना काठ, मधे बारीक नक्षीच्या ओळी. रथ, हत्तीचं पाऊल, रुईचं फूल अशी त्या नक्ष्यांची नावं. 'गुळेदगुड्ड खण' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आम्ही बदामी-पट्टदकल बघायला गेलो तेव्हा मी वाट वाकडी करून तिथे गेलो होतो. घरच्यांना कंटाळा आला, पण मागवाल्याच्या मुलाला दुसऱ्याचा माग बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एका घरात जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक आजोबा मागावर बसले होते. डावा हात, उजवा हात, पाय, पुन्हा डावा. आमच्याकडे धोटा इतका जोरात पळतो की डोळ्यांना दिसत नाही, इथे तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा दिसत होता. आजोबांना मोडकंतोडकं मराठी येत होतं, कारण आयुष्यभर व्यापारी आपल्याकडचे. मी विचारलं, आता तर खणाला पुन्हा मागणी आली आहे ना? इन्स्टाग्रामवर बघाल तिथे खण. ते हसले आणि म्हणाले, "पूर्वी खण जायचा. आता खणाचा फोटो जातो."

म्हणजे काय, तर कुणीतरी येतो, चार नमुने विकत घेतो, नक्षीचा फोटो काढतो आणि तीच नक्षी पॉलिस्टरमध्ये, मोठ्या पन्ह्याच्या यंत्रमागावर हजारो मीटर काढतो. काही जण तर विणायचीही तसदी घेत नाहीत, सरळ छापतात. आपल्या आया-मावश्यांनी मॅचिंग ब्लाऊज घालायला सुरुवात केली तेव्हा या गावाचा पहिला बाजार गेला. गेल्या दहाएक वर्षांत खण परत फॅशनमध्ये आला. खणाची साडी आली, खणाची पर्स, खणाचे कानातले, खणाचा आकाशकंदील, करोनाच्या वर्षी तर खणाचे मास्कसुद्धा आले. एवढा मोठा नवा बाजार उभा राहिला आणि त्यातलं बरंचसं कापड दुसरीकडूनच आलं. आजोबांचा मुलगा बेंगळुरूला सिक्युरिटीत आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, माझ्या वडिलांचाही मुलगा मागावर बसला नाही. तो विषय मी तिथेच सोडला.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत बायकाच जास्त, सत्तर टक्क्यांहून अधिक. आणि विणकर कुटुंबांपैकी साधारण दोन-तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं. पाच हजार म्हणजे आजच्या भावाने सतरा-अठरा दिनार. इथे दोन कुटुंबं मॉलमध्ये जेवायला गेली की संपतात तेवढे. त्या कार्डावर ज्या 'विणकर कुटुंबा'चं नाव घेऊन जास्तीचे पैसे घेतले जातात, ते कुटुंब हे.

इथे मला जरा मागे जायचं आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर काय वणवा पेटला होता! मीही त्यात काड्या टाकल्या होत्या, आम्ही तर त्या जिल्ह्यातलेच. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून, आणि त्या आठांत बागलकोटही आहे, हा योगायोग बघा. बोंब झाल्यावर कंपनीने या चपलांचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. म्हणजे आरडाओरड्याचा उपयोग होतो. मग त्याच डिसेंबरात, त्याच माणसांनी, हातमागाचं कार्ड लावलेले पॉलिस्टरचे बटवे घेतले आणि वितळलेला डाग बघूनही "एवढं कोण बघतंय" म्हटलं, हे कसं? प्राडाने कोल्हापुरीचं काम घेतलं आणि नाव टाकलं. आपल्या विक्रेत्याने गुळेदगुड्डचं नाव घेतलं आणि काम टाकलं. विणकराच्या घरातून बघितलं तर दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्यात त्याचा चोर कोण हेसुद्धा त्याला कळत नाही.

पण मी एवढा साळसूद नाही. माझीही एक बॅग आहे या प्रकरणात.

कुवेतमध्ये आल्या वर्षी मी सूक मुबारकियामधल्या एका दुकानातून आईसाठी पर्स घेतली होती. लाल-काळी, मधे पांढऱ्या त्रिकोणांची पट्टी, कडेला गोंडे. इथे ती नक्षी सगळीकडे दिसते. दिवाणियातल्या बैठकीच्या गाद्या, थंडीतल्या वाळवंटातल्या कॅम्पचे तंबू, टिशूपेपरचे डबे, फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात तर अगदी गाड्यांच्या सीटवरसुद्धा. दुकानदार म्हणाला, सदू आहे, बदाउनी बायका विणतात. मी आईला जाऊन तसंच सांगितलं, वर थोडी भर घालून. आईने पर्स उलटी केली, अस्तराची शिवण दोन बोटांनी फाकवली, कापडाची मागची बाजू बघितली आणि म्हणाली, "अरे, हे तर आपल्यासारख्याच मागावरचं हाय की. कुठल्या बायका?"

कांड्या भरलेल्या बाईला फसवणं सोपं नसतं. मी शरमलो. ती मात्र अजूनही ती पर्स बाजारात नेते, आणि कुणी विचारलं तर "पोराने कुवेतहून आणली" एवढंच सांगते. बायका विणतात वगैरे काही सांगत नाही.

त्यानंतर मी सदू म्हणजे काय ते बघायला गेलो. कुवेत शहरात गल्फ रोडवर, राष्ट्रीय संग्रहालयाच्या शेजारी 'सदू हाऊस' आहे. कुवेतमध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी लोकांनी ते बाहेरून पाहिलेलं असतं. आत एकदा जा. १९४६ साली इथून तेलाचं पहिलं जहाज निघालं आणि पुढच्या तीस वर्षांत वाळवंटात फिरणारी माणसं सिमेंटच्या घरांत राहायला आली. तंबू गेला, उंट गेला, आणि तंबूच्या भिंती, उंटावरच्या पिशव्या, खोगिराची झूल विणणाऱ्या बायकांचं कामही गेलं. ते पूर्ण जायच्या आत, सत्तरच्या दशकाच्या शेवटी काही कुवेती मंडळींनी पुढाकार घेऊन या विणकामाच्या जतनाचं काम सुरू केलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. २०२० साली सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्या सदू विणकामाला युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं. अमिरातीच्या सदूचं नाव त्याआधी, २०११ मध्ये, तातडीने वाचवायला हव्यात अशा कलांच्या यादीत आलं होतं.

सदूचा माग बघून मी थक्क झालो, कारण तो जवळजवळ नाहीच. जमिनीवर चार खुंट ठोकायचे, त्यात लोकरीचे उभे धागे ताणायचे, बाई समोर मांडी घालून बसते. फणी नाही, धोटा म्हणावा असा धोटा नाही. धागा घट्ट बसवायला हरणाचं शिंग. तळ हलवायचा झाला की खुंट उपटून सगळं गुंडाळून उंटावर. मेंढीची लोकर, बकरीचे आणि उंटाचे केस, तेही घरीच टकळीवर कातलेले. आडवा धागा वर दिसतच नाही, सगळी नक्षी उभ्या धाग्यांची. मधल्या पट्ट्यात काळा आणि पांढरा धागा जोडीने असतो, आणि प्रत्येक ठिकाणी बाई बोटाने ठरवते, काळा वर की पांढरा. शून्य किंवा एक. कागदावर काही काढलेलं नसतं, सगळं डोक्यात. या पट्ट्याला 'शजरा' म्हणजे झाड म्हणतात, आणि त्यात कधी कधी टोळीच्या उंटांवर डागायची खूणसुद्धा विणलेली असते. म्हणजे पिशवी कुणाची हे पिशवीच सांगते, कार्ड लागत नाही.

तिथे बसल्या बसल्या मला आपली घोंगडी आठवली. धनगर बायकांनी कातलेली लोकर, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ लावलेली काळी घोंगडी. पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायची, रात्री अंथरायची, देवाच्या पालखीपुढेही तीच. वाळवंटातली मेंढपाळीण आणि माणदेशातली मेंढपाळीण दोघी टकळी फिरवतच चालत होत्या. आता घोंगडीच्याही लॅपटॉप बॅगा येतात, त्या मला आवडतात. जाड, खरखरीत, टिकाऊ कापड बॅगेला शोभतं. आणि कुणी म्हणतं तसं हा काही परंपरेचा अपमान नाही. सदूचं तर मूळच पिशवीत आहे. खण बटव्यात गेला म्हणून बिघडत नाही. चोळी कुणी घालत नसेल तर विणकराने काय चोळीच्याच आशेवर बसायचं? फक्त जी जुनी, चांगली पैठणी किंवा इरकल अजून नेसता येते, ती कापून तिच्या क्लच पर्सेस करतात, ते बघून मला कसंतरी होतं. पण ते माझं वैयक्तिक.

आता यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माझी मावसबहीण जयसिंगपूरला बचत गटात पर्स शिवते. मी तिला ही बटव्याची गोष्ट फोनवर सांगितली तर ती तडकून म्हणाली, "दादा, हातमागाचं कापड परवडत नाही आम्हांला. पॉलिस्टर खणाच्या पर्सेसवर आमच्या बारा बायकांची घरं चालतात. तू तिकडे बसून जाळून बघ." बरोबर आहे तिचं. अशा शेकडो गटांतल्या बायका आहेत, महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात त्या स्टॉल लावतात, माविमच्या मदतीने उभ्या राहिल्यात. त्यांच्या पर्सला मी नाव ठेवलं तर तो कोडगेपणा होईल. मी तिला एवढंच विचारलं, तू कार्डावर काय लिहितेस? ती म्हणाली, "काही नाही. खणाची पर्स, दीडशे रुपये." मग भांडण कुठे आहे? तिची पर्स खोटं बोलत नाही. तिच्यात शिवणकामाचे पैसे शिवणाऱ्या बाईला जातात आणि विणकराच्या नावाने कुणी वर्गणी गोळा करत नाही.

शिवाय 'परवडत नाही' हे तिच्या बाबतीत खरं असलं तरी आपल्या बाबतीत नाही. मी जरा हिशेब मांडला, सवय आहे. वाणाचा छोटा बटवा असेल तर खणाच्या एका मीटरमधून आठ-नऊ बटव्यांचं कापड निघतं. पॉलिस्टर आणि हातमागाचं कापड यांत मीटरमागे तीनशे रुपयांचा फरक धरला, तरी एका बटव्यामागे पस्तीस-चाळीस रुपयांचा फरक पडतो. बाकीचा खर्च अस्तर, दोरी, मणी, शिलाई, पॅकिंग आणि कुरिअरचा, तो दोन्हीकडे सारखाच. चाळीस रुपये म्हणजे साधारण एकशे चाळीस फिल्स. इथे टपरीवरच्या चहाएवढे. ऐंशी बटव्यांचे मिळून अकरा दिनार. मंडळाच्या एका कार्यक्रमात हॉलच्या डेकोरेशनमधले फुगे त्याहून महाग असतात. साडीत हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक हजारोंचा असतो, तिथे माणूस विचार करणार. बटव्यात कापडच एवढंसं लागतं की खरं कापड वापरायला सगळ्यात सोपी वस्तू हीच. आणि नेमक्या हिच्यातच सगळ्यात जास्त खोटेपणा चालतो, कारण एवढ्याशा वस्तूसाठी कोण विचारतंय!

कायदा नाही असंही नाही. मानांकन मिळालेल्या नावाचा खोटा वापर केला तर १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण विक्रेता हुशार असतो, तो 'गुळेदगुड्ड' लिहितच नाही, नुसतं 'अस्सल खण' लिहितो. हातमागासाठी काही कापडं राखीव ठेवणारा १९८५ चा कायदाही आहे. सुरुवातीला त्यात बावीस प्रकार होते, नंतर अकरा राहिले. आमच्या गावात लहानपणी त्या कायद्याचं नाव निघालं की मागवाले कपाळाला आठ्या घालायचे. त्यामुळे त्याच्याबद्दल माझं मत सरळ नाही, आणि ते इथे सांगत बसत नाही. २००६ पासून 'हँडलूम मार्क'ची चिठ्ठी मिळते, ती निदान मागून बघता येते. विक्रेत्याकडे ती असेल तर तो आनंदाने फोटो पाठवतो, नसेल तर "ताई, विश्वास ठेवा" असा मेसेज येतो.

आम्ही परदेशात आहोत, जाऊन माग बघणं शक्य नाही, हे मान्य. पण विचारणं शक्य आहे. कापड कुठल्या गावचं, धागा कसला, विणणाऱ्याला मीटरला काय मिळालं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, पण पहिल्या दोनांची उत्तरं सरळ येतात की गोलगोल, त्यावरून बरंच कळतं. एक बटवा आधी मागवून धागा जाळून बघा. आणि उत्तर "ताई, यंत्रमागाचं पॉलिस्टर आहे" असं सरळ आलं, तर खुशाल घ्या, त्या भावात घ्या, वाण म्हणून द्या. माझ्या वडिलांसारखाच कुणीतरी त्या मागापुढे उभा असेल.

हेच इथल्या सदूला लागू आहे. भारतात जाताना आपण सगळेच काहीतरी 'कुवेतचं' घेऊन जातो. खजूर, अत्तर, चॉकलेट, आणि हल्ली सदूच्या पर्सेस. त्यांतल्या कितीतरी कुवेतच्या नसतातच, आणि त्याही आपण कौतुकाने, गोष्ट लावून देतो. ज्या बायकांच्या नावाने आपण ती गोष्ट सांगतो त्या इथेच, आपल्या घरापासून वीस मिनिटांवर असतात. आपल्या खणाशी कुणी असं केलं तर आपल्याला राग येतो, म्हणून आठवण केली.

आमच्या हळदीकुंकवाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कमिटीत बराच खल झाला. शेवटी ज्यांच्या घरी जे बटवे पॅकिंगला होते त्यांनी ते आपल्या मनाने करावे असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही. आमच्या घरून गेलेल्या एकोणचाळीस बटव्यांत तिळगूळ होता, कार्ड नव्हतं. बाकीच्या चाळिसांत दोन्ही होतं. कुणालाही फरक कळला नाही. एका काकूंनी मात्र आमच्यातला बटवा उघडून विचारलं म्हणे, "अगं, माझ्यात ते चिठ्ठीचं नाही आलं." बायकोने त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरं झालं. मला वाटलं मलाच विसरलात."

इस्त्रीला चिकटलेला चाळिसावा बटवा आमच्या मुलीने घेतला, ती त्यात खडू ठेवते. ऑर्डर देणाऱ्या वहिनींनी विक्रेत्याला मेसेज केला होता, दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. त्यांनी आता चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी गुळेदगुड्डचा कुणाचा नंबर मिळतो का, असं मलाच विचारलंय. मी त्या आजोबांच्या घरी फोन लावला, सून बोलली. चाळीस मीटर एकदम मिळणार नाही म्हणाली, दहा मीटर मिळेल, तेही महिन्याने. मी म्हटलं, दहा चालेल. शिवायला मावसबहिणीकडे द्यायचं ठरवलंय. तिने आधीच बजावलंय की शिलाई यंत्रमागाच्या पर्सइतकीच लावणार नाही, कापड सुटतं म्हणून जास्त लागेल.